ओटीवरून : तेथे राज्य कोणाचे?

कार्तिकातली गोष्ट. आमच्या चांदवडच्या घरी तुळशीचे लग्न रीतीप्रमाणे लागले, चिंचा-आवळे वाटून झाले, मुले फटाके घेऊन अंगणात पळाली आणि वडीलधारी मंडळी ओटीवर टेकली. सुट्टीवर आलेली आमची थोरली पुतणी या घटकेचीच वाट पाहत असावी. समुद्रशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या या मुलीने शांतपणे सांगितले की, यंदाच्या अंटार्क्टिक मोहिमेत तिची निवड झाली आहे. मार्गशीर्षात निघावयाचे आणि चैत्राच्या सुमारास परतावयाचे. वैद्यकीय तपासणी झाली आहे, हिमालयात औली येथे बर्फावर राहण्याचे शिक्षणही झाले आहे. राहिली आहे ती घरची संमती.

आता घरची संमती ही वस्तू सतरा माणसांच्या कुटुंबात सहज मिळणारी नव्हे. वडील बंधू गप्प बसले. वहिनींचे डोळे भरून आले. आमच्या घरातून थंडीविषयी, जेवणाविषयी, आजारपणाविषयी एकामागून एक प्रश्न आले आणि मुलीने त्यांची उत्तरेही दिली. मातोश्री मात्र इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी हातातला कापूस बाजूला ठेवला व विचारले, “ते सगळं राहू दे. तिथं राज्य कोणाचं, तेवढं सांग. उद्या काही बरंवाईट झालं, तर दाद कोणाकडे मागायची?”

पुतणी हसून म्हणाली, “आजी, तिथं राज्य कोणाचंच नाही.” या उत्तराने मातोश्रींची काळजी दुणावली, हे सांगावयास नकोच. ज्या घराला धनी नाही तेथे नात पाठवावी तरी कशी? मग “काका, तुम्हीच सांगा ना आजीला समजावून,” अशी आमच्याकडे विनवणी आली. आम्ही चार दिवस मागून घेतले, पुस्तके चाळली, पुतणीची टिपणे वाचली. या महिन्याचे हे सदर म्हणजे आमच्या मातोश्रींना दिलेले उत्तरच होय. ज्या घरांत असा प्रश्न अजून निघाला नसेल त्यांच्याही ते उपयोगी पडेल, असे वाटते. कारण हा प्रश्न दिसतो तितका दूरचा नाही.

ध्रुव प्रदेश हा विषय मराठी वाचकास अगदी परका नव्हे. लोकमान्य टिळकांनी वेदांतील उषासूक्तांचा आधार घेऊन आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, अशी उपपत्ती १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडली. ती उपपत्ती आजचे विद्वान ग्राह्य मानीत नाहीत; परंतु त्या ग्रंथामुळे सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र ही कल्पना आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघर पोहोचली, यात संशय नाही. मात्र दोन्ही ध्रुवांना एकाच मापाने मोजता कामा नये. उत्तर ध्रुव हा भोवती जमीन असलेला समुद्र आहे. दक्षिण ध्रुव ही भोवती समुद्र असलेली जमीन आहे. उत्तरेस एस्किमो म्हणून आपण ज्यांना ओळखत आलो ते इन्युइट लोक, तसेच सामी आदी समाज हजारो वर्षे राहत आले आहेत. दक्षिणेस मूळचा माणूस कधी नव्हताच.

ही दक्षिणेकडील भूमी सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून मोठी आहे. तिच्यावरील बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा भरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली व अर्जेंटिना या सात देशांनी तिचे निरनिराळे तुकडे आपले म्हणून जाहीर केले. त्यांतील तिघांचे दावे तर एकमेकांच्या अंगावर चढलेले आहेत. वाटणीच्या तंट्यात बांध सरकतात तसाच हा प्रकार.

या तंट्यावर १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा देशांनी जो करार केला, त्याची युक्ती एकत्र कुटुंबातील माणसास चटकन समजावी अशी आहे. करारातील चौथ्या कलमाने कोणाचाही दावा मान्य केला नाही व कोणाचाही फेटाळला नाही. जे दावे आहेत ते तसेच राहू द्यावेत, नवा कोणी करू नये, असलेला कोणी वाढवू नये आणि तोवर सर्वांनी मिळून कामाला लागावे, एवढेच ठरले. आमच्या परिचयाच्या कितीतरी घरांत वाटणीचा विषय वडिलांनी असाच बाजूला ठेवला आणि त्यामुळे दोन पिढ्यांची शिक्षणे एका चुलीवर झाली. तंटा मिटला नव्हता; पण घर चालले होते. दक्षिण ध्रुवाचे घर १९६१ पासून असेच चालले आहे.

या घराचे नियम थोडे पण चोख आहेत. तेथे लष्करी तळ उभारावयाचा नाही, शस्त्रांची परीक्षा घ्यावयाची नाही, अणुस्फोट करावयाचा नाही. जे संशोधन होईल त्याचे निष्कर्ष सर्वांना खुले ठेवावयाचे. शिवाय, निर्णयाचा अधिकार असलेल्या कोणत्याही देशाचा निरीक्षक दुसऱ्या कोणाच्याही केंद्रात केव्हाही जाऊन पाहणी करू शकतो. म्हणजे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरापर्यंत प्रत्येकाला वाट मोकळी!

या करारात आपला देश आरंभी नव्हता. पण विषय काढणाऱ्यांत तो आघाडीवर होता. अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेसाठी व्हावा म्हणून हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवण्याचा प्रयत्न भारताने १९५६ मध्ये व पुन्हा १९५८ मध्ये केला होता. त्यास यश आले नाही. पुढे डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून बोटीने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने त्या बर्फावर पाऊल ठेवले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारताने करारावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात निर्णयाच्या अधिकारासह आपणांस त्या पंक्तीत पाट मिळाला. २०२४ च्या मे महिन्यात या सर्व देशांची बैठक आपल्याकडे कोची येथे भरली, तेव्हा निर्णयाचा अधिकार असलेले देश २९ होते.

मातोश्रींच्या ‘दाद कोणाकडे’ या प्रश्नाचेही उत्तर आहे. करारान्वये एका देशाचा शास्त्रज्ञ दुसऱ्याच्या केंद्रात कामास गेला, तरी तो आपल्याच देशाच्या कायद्याखाली राहतो. आपल्या संसदेने २०२२ साली अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदाही केला असून भारतीय मोहिमांस त्याअन्वये परवाना घ्यावा लागतो. तेव्हा धनी नसलेल्या घरातही आमची मुलगी निराधार राहावयाची नाही, हे ऐकून मातोश्रींचा चेहरा जरा निवळला.

आणि तेथेच दुसरी अडचण उभी राहिली. मातोश्री म्हणाल्या, “मग हिच्याबरोबर आपल्या वृंदावनातलं एक रोप द्या. चार महिने तुळशीवाचून घर कसलं!” पुतणीचा चेहरा पडला. “आजी, रोप नाही नेता यायचं. मातीसुद्धा नेता येत नाही,” ती म्हणाली. आम्हांसही हे नवीन होते. परंतु ते खरे आहे. १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या आणि १९९८ पासून अमलात आलेल्या पर्यावरणविषयक करारपत्राने तेथे बाहेरचे प्राणी व वनस्पती परवान्यावाचून नेण्यास मनाई केली आहे. बर्फावर गाड्या ओढणारे कुत्रेदेखील १९९४ पर्यंत परत आणावे लागले. आपल्या २०२२ च्या कायद्याने निर्जंतुक न केलेली माती तेथे नेण्यास बंदी घातली आहे. जाणाऱ्याच्या बुटांचे तळवे, खिशांच्या शिवणी, पिशव्यांचे कोपरे हे सारे बी-बियाण्यासाठी झाडून तपासले जाते. कारण एखादे गवत तेथे रुजले, तर लाखो वर्षे एकाकी राहिलेल्या त्या शेवाळांचा व दगडफुलांचा निभाव लागणे कठीण.

“म्हणजे सोवळंच की,” मातोश्री म्हणाल्या. आम्ही या शब्दावर विचार केला आणि तो आम्हांस पटला. मात्र एक फरक ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या घरांतील सोवळ्याने माणसाला माणसापासून दूर ठेवले आणि त्याबद्दल आपणांस खाली मान घालावी लागते. हे सोवळे कोणत्याही देशाच्या वा जातीच्या माणसास अडवीत नाही. ते अडविते त्याच्या अंगाखांद्यावरील परक्या बीजास आणि त्याच्या मागे राहणाऱ्या उष्ट्याखरकट्यास.

मनुष्याची वस्ती म्हटली की खरकटे आलेच. हिवाळ्यात त्या सबंध खंडावर सर्व देशांची मिळून हजारभर माणसे राहतात, उन्हाळ्यात ती संख्या पाच हजारांच्या आसपास जाते. त्यांत अलीकडे हौशी प्रवाशांची भर पडली असून एका हंगामात १ लाखाहून अधिक लोक बोटीतून तेथे जाऊ लागले आहेत. या प्रवाशांस शिस्त कशी लावावी, हा कोचीच्या बैठकीतील एक मुख्य विषय होता. २०२२ मध्ये तेथील ताज्या बर्फात प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले, तेव्हा संशोधकांसही धक्का बसला.

आपला स्वतःचा अनुभवही शिकविणारा आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभारले ते समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या पाटावर. वर्षानुवर्षे बर्फ साचत गेला आणि ते केंद्र हळूहळू त्यात गाडले गेले. १९८९ मध्ये उभे राहिलेले ‘मैत्री’ शहाणपणाने खडकावर बांधले. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ हे तिसरे केंद्र मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. मालवाहू बोटीवरचे १३४ पेटारे जोडून ते उभारले आहे. तेथे साठणारे प्लास्टिक, विजेऱ्या व रसायनांचे अवशेष बोटीत भरून परत न्यावे लागतात. पाहुण्याने उठताना आपले पान आपण उचलावे, तसेच हे.

येथे आमचे काही वाचक विचारतील की, इतकी सोवळीओवळी पाळून तेथे जावयाचेच कशाला? शंका रास्त आहे. तिचे पहिले उत्तर १९८५ सालचे आहे. त्या वर्षी ब्रिटिश संशोधकांनी तेथील केंद्रातून वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजमापांवरून दाखविले की, सूर्याच्या घातक किरणांपासून आपणांस वाचविणारा ओझोन वायूचा थर वसंत ऋतूत तेथे भयंकर विरळ होतो. आपल्या शीतपेट्यांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी रसायने त्यास कारण होती. दोनच वर्षांत माँट्रियल येथे त्या रसायनांविरुद्ध करार झाला आणि तो थर आता सावरू लागला आहे. कोणी चिकाटीने दरवर्षी तेच ते मोजीत बसले नसते, तर हे कळले नसते.

दुसरे उत्तर आमच्या वेशीबाहेरच आहे. चांदवड हा सातमाळ्याच्या डोंगररांगेजवळचा अवर्षणप्रवण तालुका. येथील कांदा पावसाच्या मर्जीवर. यंदाही आश्विनात काढणीला आलेला कांदा पावसाने सडविला व कित्येक घरांची दिवाळी कोरडी गेली. हा पाऊस ज्या वाऱ्यांवर बसून येतो त्यांचे मूळ दक्षिण हिंदी महासागरात, मास्करीन बेटांजवळच्या अधिक दाबाच्या पट्ट्यात आहे. त्याही खाली दक्षिण महासागर आहे. जगातील सर्व समुद्र मिळून मनुष्यनिर्मित कर्बवायूचा जो भाग शोषून घेतात, त्यांतील सुमारे ४० टक्के हा एकटा समुद्र पोटात घेतो. उत्तरेचीही तीच कथा. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसते की, उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी होणे आणि भारतात मोसमाच्या अखेरीस अतिवृष्टी होणे यांचा संबंध असावा. अमुक शेतातला कांदा अमुक हिमखंडामुळे सडला, असे यावरून कोणी म्हणू नये. परंतु ध्रुवाकडील बर्फ आणि आमच्या खळ्यातील कांदा यांच्यात धागा आहे, एवढे म्हणावयास आता आधार आहे.

इथवर जमिनीची व हवेची गोष्ट झाली. समुद्राचे राज्य चालविणे मात्र याहून अवघड आहे आणि खरी चिंता तेथेच आहे. बर्फ पाहून फार तर डोळे निवतात. समुद्रात मात्र विकावयाजोगा माल आहे. विसाव्या शतकात या दक्षिण समुद्रांत लक्षावधी देवमासे मारले गेले आणि निळा देवमासा नामशेष होण्याच्या कडेला आला. आता डोळा आहे तो क्रिलवर. क्रिल म्हणजे आपल्या कोळंबीसारखा, बोटाएवढा जीव. देवमासे, पेंग्विन, सील या सर्वांचे पोट त्यावर चालते आणि माणूस त्याचे तेल व माशांचे खाद्य करतो.

या जीवांच्या रक्षणासाठी १९८० साली वेगळा करार झाला. त्याची कचेरी टास्मानियातील होबार्ट येथे असून भारत १९८६ पासून तिच्या मंडळाचा सभासद आहे. तेथे बहुमत चालत नाही. सर्वांची संमती लागते. या पद्धतीने २०१६ मध्ये रॉस समुद्राचा १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचा भाग संरक्षित ठरविण्यात आला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पूर्व अंटार्क्टिकाच्या समुद्रास असेच संरक्षण द्यावे, ही सूचना २०१२ पासून पडून आहे. भारताने तिला पाठिंबा दिला. चीन व रशिया यांची संमती मिळाली नाही. एवढेच नव्हे, तर क्रिलची मासेमारी एकाच जागी होऊ नये म्हणून असलेला नियम २०२४ मध्ये एकमत न झाल्याने संपुष्टात आला. परिणाम असा की, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ६ लाख २० हजार टनांची मर्यादा पहिल्यांदाच पूर्ण भरली आणि हंगाम मुदतीपूर्वी बंद करावा लागला.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना हे दुखणे नवीन नाही. विहिरीचा गाळ काढावयाचा असतो, सोळा जण तयार असतात आणि सतरावा मान हलवीत नाही. तोवर पाणी खाली जात राहते. संमतीचा मार्ग संथ आहे आणि त्या संथपणाची किंमत मुक्या जीवांना द्यावी लागते, हे कबूल केले पाहिजे. तरीही आमचे मत असे की, वाटणी करून भिंती घालण्यापेक्षा हाच मार्ग पत्करावा. कारण भिंत पडली की विहिरीचा विचार कोणीच करीत नाही. मात्र ज्याला पद्धत टिकवावयाची आहे त्याने त्या सतराव्यास समजाविण्याचे काम सोडता कामा नये. खाणींविषयीही एक गैरसमज पसरला आहे, तो येथेच दूर करू. १९९१ च्या करारपत्राने अंटार्क्टिकावर खाणकामास बंदी केली. ती २०४८ मध्ये आपोआप उठणार, असे लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्यानंतर फेरविचाराची मागणी करता येईल, एवढेच. आणि दुसरा बंधनकारक कायदा झाल्याखेरीज ती बंदी उठविता येत नाही.

उत्तरेकडे राज्ये आहेत व राजेही आहेत. तेथील आठ देशांची परिषद १९९६ साली स्थापन झाली असून मूळ रहिवाशांच्या सहा संस्थांना तीत कायमचे स्थान आहे. भारत २०१३ पासून निरीक्षक म्हणून बसतो आणि स्वालबार बेटावर २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ केंद्र चालू आहे. २०१८ मध्ये नऊ देश व युरोपीय संघ यांनी मिळून उत्तर ध्रुवाच्या मध्यसमुद्रात, पुरेसे ज्ञान मिळेपर्यंत, व्यापारी मासेमारी न करण्याचे ठरविले. अजून कोणी जाळे टाकले नाही तोवरच जाळे आवरण्याचे हे उदाहरण आम्हांस विशेष शहाणपणाचे वाटते.

हे सारे आम्ही ओटीवर वाचून दाखविले, तेव्हा वहिनींनी हळूच विचारले, “पण बायका जातात का हो तिथं?” या प्रश्नाचे उत्तर मराठी घरातच सापडते. डॉ. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, घराणे औंधच्या पंतप्रतिनिधींचे. पुण्यात शिकून, हवाई व लंडन येथे संशोधन करून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या आणि १९८३-८४ च्या त्या तिसऱ्या मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया. पंतबाईंचा विषय होता समुद्रातील सूक्ष्म वनस्पती, म्हणजे क्रिलचे अन्न. आमची पुतणी तेच पाणी तपासावयास जाणार आहे. त्यानंतर इस्रोच्या मंगला मणी यांनी वयाची पन्नाशी उलटल्यावर ‘भारती’ केंद्रात ४०३ दिवस काढले, हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “मग हिला चार महिन्यांत काय होतंय!”

वडील बंधू उठले, आत गेले आणि आपली जाड लोकरीची शाल आणून मुलीच्या पुढ्यात ठेवली. संमती झाली.

मातोश्रींच्या मनात मात्र एक गोष्ट घोळत होती. दुसऱ्या दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, “आपल्या गावचा रंगमहाल ज्यांचा, त्या अहिल्याबाईंनी काशीला देऊळ बांधलं, तेव्हा काशीत काय त्यांचं राज्य होतं?” राज्य नव्हते. काशी, गया, सोमनाथ यांपैकी एकही गाव होळकरांच्या मुलखात नव्हते. तरी तेथे देवळे उठली, घाट बांधले गेले. राज्य कोणाचे, या प्रश्नाने आम्ही आरंभ केला. त्याचे उत्तर आमच्या गावातील त्या वाड्यापाशीच पडले होते आणि आम्ही ते होबार्ट-माद्रिदला शोधीत बसलो. जेथे आपले राज्य नाही तेथेही आपले कर्तव्य असू शकते.

पुतणी गेल्या आठवड्यात केपटाऊनला पोहोचली. तिच्या पेटीत तुळस नाही, माती नाही. निघताना तिने बुटांचे तळवे आमच्याच अंगणात घासून धुतले आणि मातोश्रींनी स्वतः पाणी ओतले. सध्या तेथे सूर्य मावळत नाही. तेव्हा दिवेलागणीची वेळ कोणती धरावयाची, एवढी एकच शंका घरात उरली आहे. मातोश्रींनी तिचाही निकाल लावला. चांदवडला दिवा लागेल तेव्हा तिने हात जोडावेत, म्हणजे झाले.